राखोळीचे सहा मासे

परीक्षानळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं. संस्कृतीनं थेंब टाकले, मोबाइलवर पाच मिनिटं लावली, नळी खिडकीशी धरली. पाणी हिरवं झालं होतं आणि कालच्यापेक्षा गर्द. तिनं वहीत लिहिलं : सोमवार, सकाळी साडेसात, अमोनिया दोन, तापमान एकतीस. तेवढ्यात आई आली म्हणून वही मिटली.

आईनं पदराला हात पुसले आणि रोजच्यासारखं टँकसमोर उभं राहून मोजायला सुरुवात केली. मासे स्थिर राहत नव्हते, त्यामुळे दोनदा चुकली. तिसऱ्यांदा जमलं. "सात, आठ. आणि हा काळा. नऊ. आहेत बाई सगळे."

"आहेत. पण ते वर येऊन तोंडं उघडतायत ते बघ ना."

"भूक लागली असंल."

दोन फुटांची टाकी, पाणी पंचेचाळीस लिटर, त्यात बोटभर लांबीचे आठ सोनेरी मासे आणि एक काळा, फुगऱ्या डोळ्यांचा. एवढ्या पाण्यात एकच मासा सुखानं राहतो, दोन म्हणजे अडचण, हे संस्कृतीला पुस्तकाशिवायही कळत होतं. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात आणि तोच त्यांना जाळतो. त्यात सोलापूरचं पाणी जड, क्षारांचं. असल्या पाण्यात तोच अमोनिया जास्त बाधतो. चार माशांच्या शेपट्यांवर लाल रेषा उमटल्या होत्या. कोल्हापूरहून सूक्ष्मजीवशास्त्राची शेवटची परीक्षा देऊन ती शनिवारी जुळे सोलापूरच्या या फ्लॅटमध्ये परतली होती. तेव्हापासून दिवसातून चार वेळा नळी हिरवी होत होती.

मासे कमी करायचे एवढा साधा उपाय होता. तोच तेवढा करता येत नव्हता.

दिवाळीत बाबांच्या छातीत पहिल्यांदा दुखलं, तेव्हा वास्तू बघणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं सांगितलं होतं : ईशान्येला आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवा. घरावर येणारं संकट मासा अंगावर घेतो. मेला तर त्याच दिवशी नवा आणा, आकडा मोडू देऊ नका. आईनं ते अक्षरशः पाळलं. जानेवारीपासून तिनं अकरा मासे बदलले होते. मार्चमध्ये बाबांच्या बायपासची तारीख मिळाली, आणि निघायच्या सकाळीच दोन मासे तरंगले. सोमवार होता, दुकान बंद. आई पायरीवर बसली आणि म्हणाली, सात माशांवर मी यांना पाठवणार नाही. बाबाही म्हणाले, "रुपाली म्हणतेय तर थांबू." तारीख गेली. डॉक्टरांनी दुसरी देताना स्पष्ट सांगितलं की पुन्हा चुकवलीत तर तिसरी तारीख मागायला कदाचित येणं होणार नाही.

दुसरी तारीख येत्या शुक्रवारची होती. गुरुवारी दुपारी चारला भरती व्हायचं.

म्हणजे गुरुवारच्या दुपारपर्यंत नऊ मासे जिवंत हवेत. संस्कृती तासातून एकदा टँकशी जाऊन येई, काही करायचं नसलं तरी. पुस्तक उघडलं की एकच ओळ चारदा वाचली जाई.

सोमवारीच दुपारी सांगोल्याहून केराबाई आत्या आली, बाबांची थोरली बहीण. एका पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी, दुसरीत डाळिंबं. हातपाय धुऊन ती टँकसमोर आली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"एवढ्याशा खोक्यात नऊ जितराबं? अगं रुपे, कोंडवाड्यात तरी फिरायला जागा आसती."

"वास्तूचं आहे ते वन्सं."

"वास्तूचं आसंल. पर त्यांस्नी ठाव हाय का, आपण वास्तूचं हाय म्हून?"

बाबा आरामखुर्चीत हसले. हसताना त्यांनी छातीवर हात ठेवला, आणि तो तिथंच राहिला. आईनं ते पाहिलं आणि लगेच टँककडे नजर वळवली.

मंगळवारी संस्कृतीनं पाणी बदलण्याचा सपाटा लावला. नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं. शेवटचं शुक्रवारी आलं होतं, पुढचं बुधवारी येणार. बाल्कनीतल्या पिंपात शिळं, क्लोरीन उडालेलं पाणी होतं. त्यातलं सकाळी दहा लिटर घेतलं, दुपारी दहा.

"भांडी मी कशानं घासू? थुंकीनं?" आईनं विचारलं.

"हे धुण्यासाठी वापर ना, टँकमधून काढलेलं."

"व्हय, माशांच्या शीचं पाणी."

दुपारी आकडा एकवर आला. ती खूश झाली. चार वाजता पुन्हा दीड, सहाला दोन. हे बसत नव्हतं. नऊ मासे झाले तरी तीन तासांत एवढा अमोनिया कुठून येणार? तिनं टँकमधल्या दगडांखाली पाहिलं. काही सडलेलं नव्हतं, पण तळाशी तपकिरी गाळ साचत होता आणि तो सकाळी नव्हता.

मग तिला खाद्याचा डबा दिसला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिनं तो ठेवला. सकाळी चिमूटभर देताना सहज वजन केलं होतं, एकेचाळीस ग्रॅम. आता चौतीस.

पहिला संशय आत्यावर गेला. पण आत्या दिवसभर आईबरोबर शेंगा निवडत बसली होती. दुसऱ्या दिवशी पाणी यायचं म्हणून रिकामे डबे काढण्याच्या निमित्तानं संस्कृती बाहेरच्या खोलीत रेंगाळली. वर्तमानपत्र मांडीवर ठेवून बाबा टँककडे बघत होते. थोड्या वेळानं उठले, डबा उघडला, चिमूट टाकली, बसले. दहा मिनिटंही झाली नसतील, पुन्हा उठले.

"बाबा."

ते दचकले. बोटांना खाद्याची पूड लागली होती, ती त्यांनी लेंग्याला पुसली. "अगं, उपाशी आहेत ते. बघ की, कसे वर येतायत, आ वासून."

"ती भूक नाही. त्यांना श्वास पुरत नाहीये. खालच्या पाण्यात दम नाही म्हणून वर येऊन हवा ओढतात. तुम्ही खाऊ घालता, तेवढं पाणी आणखी बिघडतं."

बाबांनी टँककडे पाहिलं. एक सोनेरी मासा पाण्याच्या कडेशी तोंड लावून उभा होता.

"असं होय," ते म्हणाले. "मला वाटलं भूकच. मलाही होतं असं. आडवं झालं की. उठून खिडकीशी बसावं लागतं."

"आईला सांगितलं?"

"तिला कशाला? ती नऊ मोजून शांत होती, होऊ दे." मग आवाज उतरवून म्हणाले, "मार्चमध्ये ते दोन मेले ना, तेव्हा खरं सांगू का, मला बरं वाटलं. म्हटलं, सुटलो. छाती फाडणार म्हणतात गं ते. आजपर्यंत मी कुणाकडून काटासुद्धा काढून घेतला नाही."

संस्कृतीनं डबा उचलून कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. हे आपण फारच कडक केलं असं तिला वाटलं. पण रात्रीचा आकडा वाढला नाही.

बुधवारी पहाटे साडेपाचला नळ खाकरला. पाण्याच्या दिवशी या घरात सणासारखी धावपळ असते. मोटार लावायची, गच्चीवरची टाकी, बाल्कनीतली पिंपं, हंडे, घागरी, शेवटी बाटल्यासुद्धा. जे जे धुवायचं ते सगळं त्या दीड तासात धुऊन घ्यायचं, पायपुसण्यापासून देवांपर्यंत. संस्कृती गच्चीवर नळी धरून उभी होती. टाकी भरली तशी ती खाली आली.

बाहेरच्या खोलीत काचेची टाकी पुसून लखलखत होती. दगड पांढरेशुभ्र. फिल्टरचा स्पंज आईनं नळाखाली धरून पिळला होता, कोरा, पिवळाधमक. बादलीत नऊ मासे एकमेकांवर आदळत होते आणि आई घागरीनं टाकीत ताजं पाणी ओतत होती. क्लोरीनचा वास दारापर्यंत येत होता.

"आई! काय केलंस?"

"काय म्हणजे? उद्या यांना न्यायचं, घर स्वच्छ नको? तो स्पंज बघायचास, शेण लागल्यासारखा होता नुसता."

"दरवेळी असंच धुतेस?"

"दर पाण्याला. कधी चुकले नाही."

संस्कृतीनं कपाटातून प्रयोगशाळेचे स्फटिक काढले आणि कोमट पाण्यात विरघळवून चमच्याचमच्यानं टाकीत आणि बादलीत घातले. क्लोरीन गेला. पण बाकीचं गेलेलं परत येणार नव्हतं. ती जमिनीवरच बसली.

"आई, ते शेण नव्हतं. जिवाणू होते. माशांचा अमोनिया तेच खातात, तेच पाणी राखतात. त्यांना जमायला महिना लागतो आणि तू दर पाचव्या दिवशी त्यांना मोरीत सोडतेस. विरजणाचं भांडं घासून ठेवायचं आणि दही का लागत नाही म्हणायचं, तसं झालं हे."

आई घागर धरून उभी राहिली. "म्हणजे ते अकरा..."

संस्कृतीनं मनात आकडेमोड सुरू केली होती. स्पंजात काही उरलं नाही, मासे नऊ. उद्या दुपारपर्यंत अमोनिया दोनच्या वर. अकरा वाजता एक सोनेरी मासा एका कुशीवर कलला, सरळ झाला, पुन्हा कलला.

"यातले सहा काढायलाच हवेत, आज," ती म्हणाली. "तीन राहिले तर पाणी बदलत बदलत मी निभावून नेईन. नऊ ठेवले तर उद्यापर्यंत किती जातील सांगता येत नाही."

"तीन?" आईचा आवाज चढला. "सातावर पाठवले नाहीत मी, तिनावर पाठवू? कुंकवावर उठलीस का माझ्या?"

"अगं, मासे मोजून हृदय..."

"मला शिकवू नकोस! तुझ्या नळीत दिसतं का उद्या काय होणार ते? मग!" आणि ती रडायला लागली, घागर तशीच कमरेवर. बाबा आतल्या खोलीत होते. त्यांच्या खुर्चीचा आवाज झाला, पण ते बाहेर आले नाहीत.

आत्या उंबऱ्यावर बसून तंबाखू मळत होती. तिनं ती तळहातावर थोपटली.

"रुपे, तुज्या बापाची मेंढरं किती हुती गं?"

आईनं नाक पुसलं. "साठ. का?"

"वाड्यात किती हुती? मी आली हुती की तुला बघाय, दुष्काळाच्या साली. वाड्यात मला वीसबी दिसली न्हाईत."

"बाकीची राखोळीला दिली होती. तिकडं भीमेच्या काठाला, पावण्यांकडं. चारा नव्हता ना इकडं."

"मग तुजा बाप सोयरिकीच्या बैठकीत साठ कसा म्हनला? लबाड बोलला का?"

"लबाड कशाला? राखोळीला दिली तरी आपलीच की ती."

आत्यानं तंबाखू तोंडात टाकली. आई तिच्याकडे बघत राहिली. मग टाकीकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

"माशांचंही चालतं?" तिनं हळूच विचारलं.

"जितराब त्ये जितराब. चारा-पानी सरलं की दुसऱ्याच्या दावनीला. मोजताना आपल्यात मोजायचं. त्या वास्तूवाल्यानं एका खोक्यातच नऊ पायजेत आसं सांगितलंय का?"

"घरात म्हणाला होता," आई म्हणाली, पण मघासारखं ठासून नव्हे.

शेजारच्या रो-हाउसमध्ये गुरुसिद्धप्पा राहत. मूळचे अक्कलकोटचे, निवृत्त पोस्टमास्तर, एकटे. अंगणात कडुनिंबाच्या सावलीत त्यांचा सिमेंटचा हौद होता, दीडेक हजार लिटरचा, बोअरच्या पाण्याचा, भिंतींना हिरवं शेवाळ. संस्कृतीनं तिथलं पाणी नळीत घेतलं आणि पाच मिनिटं उभी राहिली. पिवळं, लिंबासारखं. आठवड्यात पहिल्यांदा.

"डास लई झालेत ह्याच्यात," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "अळ्या खातील काय तुमचे मासे?"

"आवडीनं खातील, काका."

"मग आयतु! झालं तर, सोडा की. विचारायचं काय त्यात?"

पण आत्याला एवढ्यावर भागणारं नव्हतं. राखोळी रीतीनं द्यायची. तिनं नारळ आणला, हौदाच्या कठड्यावर ठेवला आणि अटी सांगितल्या. जितराब आमचं, राखण तुमची. इकायचं न्हाय, कुणाला द्यायचं न्हाय. "आनि मेलं तर तसंच फेकून द्यायचं न्हाय. मेंढरू मेलं तर आमी कातडं दावाय आनतो. धन्याला कळाय पायजे, मेलं का इकलं."

"अय्यो, माशाचं कातडं कुठून आणू मी?"

"आख्खा आना की मग. केवढा आसतोय त्यो!"

"आणि ओळखायचा कसा, तुमचा कुठला ते? माझ्या हौदात दुसरे नाहीत म्हणा." ते स्वतःच हसले. मेंढरांना गेरूची खूण करतात, माशांना काय करणार, यावर दोघांची बराच वेळ चर्चा झाली. संस्कृतीनं तोवर पाणी सारखं होण्यासाठी माशांच्या पिशव्या हौदात तरंगत ठेवल्या होत्या. कलणारा मासा तिनं मुद्दाम या सहांत घेतला होता. मोठ्या पाण्यात त्याला संधी जास्त, हा तिचा हिशेब होता. अर्ध्या तासानं सहाही मासे हिरव्या अंधारात शिरले आणि दिसेनासे झाले.

घरी आईनं मोजलं. "इथं दोन आणि काळा. तिकडं सहा. नऊ." मग कुणी विचारलं नसताना म्हणाली, "राखोळीला आहेत सहा."

रात्री टाकीचा आकडा अर्ध्यावर आला. गुरुवारी सकाळीही अर्धा. तिन्ही मासे तळाशी हिंडत होते. संस्कृतीला हायसं वाटायला हवं होतं, पण ती सकाळपासून चार वेळा गेटपर्यंत गेली आणि हौदाकडे न जाताच परत आली. सहा मासे नजरेआड होते. नळी घेऊन बसावं असं तिच्या हाती तिथं काही नव्हतं.

सव्वातीनला रिक्षा आली. आईनं कागदांची फाइल तिसऱ्यांदा तपासली. बाबांनी चपला घातल्या, काढल्या, मोजे घालून पुन्हा घातल्या. संस्कृती पिशवी घेऊन आधी खाली उतरली, आणि गेटाशी गुरुसिद्धप्पा उभे दिसले, दोन्ही हातांत स्टीलचा डबा धरून.

त्यांनी झाकण उघडलं. आत कडुनिंबाच्या पानावर तो कलणारा सोनेरी मासा होता.

"दुपारी वर आला," ते अपराध्यासारखे म्हणाले. "बाकीचे पाच झक्क आहेत. मी म्हटलं, बाईंनी सांगितलं होतं, दाखवायला हवं. आत्ता यायला नको होतं काय?"

संस्कृतीनं डबा हातात घेऊन झाकण घट्ट लावलं. आई-बाबा अजून जिन्यात होते. डबा काकांच्या हातात परत द्यायचा, बोट ओठांवर ठेवायचं, बस. दोन मिनिटांत रिक्षा निघाली असती. तिनं डबा पुढे केलाही. पण तेवढ्यात बाबा शेवटच्या पायरीवर आले, त्यांनी डबा पाहिला, काकांचा चेहरा पाहिला.

"किती राहिले?"

खोटा आकडा तिच्या तोंडातून निघाला नाही. "तिकडं पाच. घरी तीन."

आई त्यांच्या मागे थांबली. तिचे ओठ हलले. बाबा पायरीवर बसले, मार्चमध्ये आई बसली होती तसेच, गुडघ्यांवर हात टेकून. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. संस्कृतीला वाटलं, झालं. तो मासा मी तिकडं सोडायला नको होता, मी हिशेब चुकले, आणि आता बाबा उठायचे नाहीत.

"रुपाली," बाबा म्हणाले, "मागच्या वेळी मी माशांसाठी थांबलो नव्हतो. मला भीती वाटली म्हणून थांबलो. आजही वाटतेय."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत आधी पाणी आलं, मग एकदम राग.

"आणि हे आत्ता सांगता? जानेवारीपासून उन्हातान्हात मासे आणतेय मी! त्या दुकानदाराला माझं नाव पाठ झालं. माणसानं घाबरलोय म्हणून सांगावं की नाही घरात?"

"तू रोज मोजायचीस. मला वाटलं, तुला धीर येतोय."

"मला कुठला धीर? तुम्हाला यावा म्हणून मोजत होते मोठ्यानं!"

वरून गॅलरीतून आत्या भावावर ओरडली, "आरं शाजी, भांडायचं तर रिक्षात भांडा, चार वाजत आलं!"

बाबा कठड्याला धरून उठले. संस्कृती हात द्यायला पुढे झाली, त्यांनी घेतला नाही. काका डबा छातीशी धरून बाजूला सरकले. तिघं रिक्षात बसली, बाबा मध्ये. आईचा रुसवा अजून उतरला नव्हता, पण तिनं बाबांचा हात पदराखाली घट्ट धरला होता. कोपऱ्यावर वळल्यावर ती पुढे झुकली.

"दादा, पुढच्या चौकात माशांचं दुकान आहे. एकच मिनिट उभी करा. एक घेते, तिथल्या तिथं काकांना फोन करून बोलावते, हौदात सोडायला..."

रिक्षावाल्यानं वेग कमी केला. दुकानाच्या दारात टांगलेल्या पाण्याच्या पिशव्या दिसायला लागल्या, प्रत्येकीत एकेक सोनेरी मासा. बाबा पाहत होते. त्यांचा श्वास जोरात चालला होता, संस्कृतीच्या खांद्याला तो जाणवत होता.

"थांबवू नका," बाबा म्हणाले. "जरा दाबा गाडी. मन फिरायच्या आत पोचवा मला."